आंबोलीच्या थंडीतला नाताळ: बांबूचा तारा, नाचणीचं शेत आणि कोकमाची भेट

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणच्या बाजारात प्लास्टिकची हिरवी झाडं, चमकीचे तारे आणि लुकलुकणाऱ्या माळा दिसायला लागतात. फोन उघडला तर तिथेही तेच. कुणाच्या तरी घरातलं सात फुटी झाड, खाली रंगीत कागदात गुंडाळलेल्या भेटींचा ढीग. ते बघून मुलं हट्ट धरतात, आणि दिवाळी होऊन जेमतेम दीड-दोन महिने झालेले असताना घरात पुन्हा खर्चाचं गणित सुरू होतं.

पण नाताळ साजरा करायला हे सगळं विकत आणावंच लागतं का? तर नाही. सिंधुदुर्गात आणि शेजारच्या गोव्यात नाताळाची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात विकतच्या वस्तू फार कमी. बांबू, पेंढा, माती, नारळ, गूळ आणि दोन-चार संध्याकाळचा वेळ एवढंच भांडवल. आंबोलीसारख्या ठिकाणी तर यातलं बरंचसं हाताशी असतं. काही गोष्टी मात्र हाताशी असूनही उचलायच्या नसतात, त्याबद्दल पुढे येईलच.

आधी थोडं नावाबद्दल. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून मराठीत आला. अर्थ जन्मदिवस, म्हणजे येशूचा जन्म. वास्को द गामा भारताकडे येताना १४९७ च्या २५ डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ होता, म्हणून त्याने त्या किनाऱ्यालाही हेच नाव दिलं. सिंधुदुर्गात कॅथलिक समाजाची जुनी वस्ती आहे. सावंतवाडीचं मिलाग्रिस चर्च अनेकांना ठाऊक असतं. ‘मिलाग्रिस’ म्हणजे चमत्कार, हाही पोर्तुगीजच शब्द. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांत झाला आणि हे चर्च त्याचं मुख्य मंदिर बनलं. सावंतवाडीहून घाट चढून वर आलं की सुमारे ७०० मीटर उंचीवर आंबोली लागते. खाली किनाऱ्यावर डिसेंबरातही दुपारी घाम येतो, वर मात्र संध्याकाळ झाली की स्वेटर शोधावा लागतो.

कंदील जमतो त्याला तारा जमतो

नाताळाच्या सजावटीत पहिला मान ताऱ्याचा. येशूचा जन्म झाला तेव्हा पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांना एका ताऱ्याने वाट दाखवली, ही बायबलमधली गोष्ट. म्हणून दारात तारा टांगायचा. गोव्यात त्याला ‘नखेत्र’ म्हणतात आणि तिथे मोठमोठ्या नक्षत्रांच्या स्पर्धाही होतात.

युरोपात कागदी ताऱ्याची एक मजेशीर गोष्ट आहे. जर्मनीतल्या नीस्की गावात मोरावियन पंथाची एक निवासी शाळा होती. तिथे १८३० च्या दशकात मुलांना भूमिती समजावी म्हणून कागदाचे अनेक टोकांचे तारे करून घेतले जायचे. तोच पुढे ‘हर्नहूट तारा’ म्हणून जगभर विकला जाऊ लागला. म्हणजे आज महागात मिळणाऱ्या या वस्तूची सुरुवात शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला झाली.

आपल्याकडचा तारा तर त्याहून सोपा, कारण कोकणात ज्या घरात दिवाळीचा आकाशकंदील घरी होतो तिथे अर्धी विद्या आधीच आहे. तेच बांबूचे कामटे, तीच सुतळी, तोच पतंगी किंवा जिलेटीन कागद.

सारख्या लांबीचे दहा कामटे लागतात. समजा प्रत्येक ६० सेंटिमीटरचा. पाच कामट्यांची एक चांदणी, म्हणजे पेन न उचलता काढतो तशी पाच टोकांची. अशा दोन चांदण्या करायच्या. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण कामटे एकमेकांना नेमके कुठे छेदतात ते कळत नाही आणि चांदणी वाकडी होते. त्याला एक सोपा उपाय आहे. ६० सेंटिमीटरच्या कामट्यावर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलने खूण करा. मध्ये १४ सेंटिमीटर उरतील. प्रत्येक कामटा दुसऱ्याला या खुणेवरच छेदला की चांदणी आपोआप समान येते. लांबी वेगळी घेतली तर टोकापासून खुणेपर्यंतचं अंतर लांबीच्या ३८ टक्के धरा.

दोन्ही चांदण्या तयार झाल्या की त्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं घट्ट बांधायची. आता मधल्या पाच छेदांवर, वरच्या आणि खालच्या चांदणीच्या मध्ये, बोटभर ते वीतभर लांबीच्या पाच काड्या उभ्या अडकवायच्या. चांदण्या मधून फुगतात आणि सपाट आकृतीचा पोटदार तारा होतो. हे बांबूतच जमतं, कारण कामटा थोडा वाकला तरी मोडत नाही. लाकडी पट्टी तिथेच कडकन तुटेल.

कागदाचे तुकडे किती लागतील? पुढून पाच टोकं आणि एक पंचकोन, मागून तेवढेच, आणि बाजूंना दहा निमुळते त्रिकोण. एकूण बावीस. त्यातला मागचा पंचकोन मोकळा ठेवला की बल्ब आत सोडायला हात जातो आणि गरम हवाही बाहेर पडते. बाजूच्या दहा त्रिकोणांना वेगळा रंग दिला तर तारा खुलून दिसतो.

कागद चिकटवायला मैद्याची खळ पुरते. एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर दाट होईपर्यंत शिजवायचं. आंबोलीत मात्र एक अडचण असते. इथे डिसेंबरात रात्री दव पडतं. पतंगी कागद दवाने सैल पडतो, त्याचा रंग ओघळतो, आणि खळ जाड लावली असेल तर तिला बुरशी येते. म्हणून तारा अंगणात उघड्यावर टांगायचा असेल तर जिलेटीन कागद घ्यावा, पडवीत छपराखाली असेल तर पतंगी कागद चालेल. खळ पातळ लावून एक पूर्ण दिवस उन्हात वाळू द्यावी.

आणि बल्ब. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बने कागद करपतो, त्यामुळे तो नकोच. ५ वॉटचा एलईडी रोज सहा तास, पंचवीस दिवस लावला तर पाऊण युनिट वीज लागते. तोच ६० वॉटचा बल्ब तेवढ्याच वेळात नऊ युनिट खातो.

बांबू आणायचा कुठून? स्वतःच्या परसातला किंवा ओळखीच्या शेतातला. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतल्या बांबूसाठी आता आधीसारखी कटकट नाही. जंगलातला मात्र तोडायचा नाही. आणि कामटे काढायचं कसब नसेल तर सूप-रोवळ्या विणणाऱ्या कारागिराकडे जा. दहा सरळ, गुळगुळीत कामटे तो बघता बघता काढून देईल. बोटात कुसळं भरून घेण्यापेक्षा त्याला चार पैसे दिलेले बरे.

गोठ्यात शेत पेरायचं

ताऱ्यानंतर येतो गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. याचा इतिहास बजेटवाल्यांना धीर देणारा आहे. इटलीतल्या ग्रेचो गावात १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी असा देखावा पहिल्यांदा उभा केला असं मानतात. त्यात मूर्ती नव्हत्या, सोनं नव्हतं. डोंगरातल्या एका जागी गव्हाण ठेवली, गवत पसरलं, एक बैल आणि एक गाढव आणून बांधलं. जन्म गरिबीत झाला हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच हेतू. म्हणजे गोठा जितका साधा, तितका तो मुळाला धरून आहे असं म्हणायला हरकत नाही.

कोकणात भात कापून झोडून झालेलं असतं, त्यामुळे पेंढ्याला तोटा नाही. गोठ्याचं छप्पर पेंढ्याचं, भिंती जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या. डोंगर करायला सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या सर्वात उत्तम. झटकून, चुरगळून, पातळ चिखलात बुडवून हव्या त्या आकारात वाळवल्या की हुबेहूब कातळ दिसतो. मूर्ती मातीच्या करता येतात. गणपतीच्या वेळची शाडू उरली असेल तर तीच भिजवायची. हाताला फारसं वळण नसेल तरी मेंढ्या सगळ्यांनाच जमतात. मातीचा गोळा, चार काडीचे पाय आणि अंगावर चिकटवलेला कापूस.

पण गोठ्यातली सर्वात सुंदर गोष्ट विकत मिळतच नाही. ती पेरावी लागते. गोव्यात नाताळाआधी पसरट भांड्यात माती घालून नाचणी पेरतात आणि दोन-अडीच इंच वाढलेली ती हिरवळ गोठ्याभोवती शेत म्हणून मांडतात. नवरात्रात घटाशी रुजवण घालणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको. हात तोच, फक्त महिना वेगळा. गंमत म्हणजे तिकडे युरोपात क्रोएशियातही संत लुसीच्या दिवशी, १३ डिसेंबरला, बशीत गहू पेरतात आणि नाताळाला ती हिरवी जुडी टेबलावर ठेवतात.

जुनं ताट किंवा फुटक्या बादलीचं झाकण घ्यायचं, इंचभर चाळलेली माती पसरायची. नाचणी रात्रभर भिजवून वर दाट शिंपडायची आणि मातीचा अगदी पातळ थर द्यायचा. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं, नाहीतर दाणे वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात. पहिले दोन-तीन दिवस सुपाखाली झाकून ठेवलं तर कोंब एकसारखे येतात. मग उजेडात. किनाऱ्यावर १३-१४ डिसेंबरला पेरलेलं चालतं, पण आंबोलीच्या गारठ्यात रुजायला वेळ लागतो, तिथे १० तारखेच्या आसपास पेरावं. गहू घेतला तर तो लवकर आणि उंच वाढतो, पण छोट्या मूर्तींपुढे उसाच्या फडासारखा दिसतो. नाचणीचं बारीक पातं खरंच भाताच्या तरव्यासारखं वाटतं. मुलांना कामाला लावायचं असेल तर हे काम त्यांचं.

गोठ्यात माळ सोडताना पेंढ्याला बल्ब चिकटणार नाही हे बघा. आणि मेणबत्ती गोठ्याच्या आत कधीच नको, कितीही फोटो चांगला येत असला तरी.

आंबोलीतून काय उचलायचं नाही

आता ती मघाची गोष्ट. डोंगर, दगड, शेवाळ, रानवेली असं सगळं दिसत असताना गोठ्यासाठी सड्यावरून चार दगड आणि झाडावरून थोडं शेवाळ आणलं तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. इतर ठिकाणी कदाचित फारसं बिघडणार नाही. आंबोलीत बिघडतं.

कारण इथल्या कातळाच्या सड्यांवर एक छोटा भेक राहतो, आंबोली टोड. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं आणि तो ‘अतिसंकटग्रस्त’ प्राण्यांमध्ये मोडतो. जगात त्याचं ठिकाण म्हणजे आंबोली आणि आसपासचा थोडा पट्टा. पावसाळ्यात सड्यावर साचणाऱ्या उथळ पाण्यात त्याची वीण होते. एरवी तो दगडांखाली आणि फटींत असतो. म्हणजे ज्या दगडाचा गोठ्यात छान डोंगर होईल असं वाटतं, तो कुणाचं तरी छप्पर असू शकतो. हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या कुंडात सापडलेला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा मासाही असाच. २०२० मध्ये तो जगाला कळला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली.

झाडांच्या खोडांवरचं शेवाळ आणि आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, यांचंही तेच. शेवाळ ओरबाडलं की पुन्हा भरून यायला काही वर्षं जातात. आणि गोठ्यात ते चार दिवसांत वाळून तपकिरी होतं, मग फेकूनच द्यावं लागतं. त्यापेक्षा नाचणीची हिरवळ केव्हाही चांगली. पर्यटक म्हणून नाताळाच्या सुट्टीत वर येणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं. गाडीच्या डिकीत रानातलं काही भरायचं नाही.

मग घ्यायचं काय? खाली आपसूक पडलेलं, तेही घराच्या आवारातलं किंवा रस्त्याकडेचं. वाळकी फांदी, बिया, सुकलेली पानं.

झाड हवंच असेल तर

नाताळाचं झाड ही मुळात जर्मनीकडची रीत. १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं असल्याचं चित्र छापून आलं आणि मग ही रीत झपाट्याने पसरली. थोडक्यात, तेव्हाचं ते व्हायरल पोस्ट.

आपल्या किनाऱ्यावर झाडाची जागा सुरूने घेतली. सुईसारखी बारीक पानं, छोटी काटेरी बोंडं, त्यामुळे सुरूची फांदी पाइनच्या फांदीसारखी दिसते. पण किनाऱ्यावरचं सुरूचं बन वारा आणि वाळू अडवायला लावलेलं असतं, ते तोडण्यासाठी नसतं. वाऱ्याने मोडलेली फांदी मिळाली तर उत्तम. नाहीतर एक वाळकी फांदी चुना लावून पांढरी करायची आणि वाळूने भरलेल्या डब्यात रोवायची. आंबोलीच्या धुक्यात तीच जास्त शोभते, हे ज्याने पाहिलंय त्याला पटेल.

टांगायला नारळाच्या करवंटीचे तुकडे काचपेपरने घासून, भोक पाडून, तेलाचा हात फिरवून घ्या. पोफळीची विरी भिजवली की कातरीने कापता येते. तिचे तारे, मासे, होड्या काढून वजनाखाली सपाट वाळवायच्या. सुरूची बोंडं, वाळवलेल्या मोसंब्याच्या चकत्या, जुन्या साडीच्या काठाच्या पट्ट्या. यातलं सगळं एकाच फांदीवर लादू नये. दोन-तीन प्रकार पुरतात, नाहीतर जत्रेतला स्टॉल होतो.

भेट म्हणजे ताट

भेटींचा प्रश्न सजावटीपेक्षा अवघड, कारण तिथे तुलना होते. पण इथेही जुनी पद्धत कामाला येते. गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळाच्या फराळाला ‘कुस्वार’ म्हणतात. नेवऱ्या, कलकल, दोदोल, दोस असे पदार्थ घरी करायचे आणि ताटात मांडून, वर विणलेला रुमाल टाकून, शेजाऱ्यांकडे पाठवायचे. शेजारी हिंदू असो, मुसलमान असो. दिवाळीत त्यांच्याकडून आलेल्या फराळाचं ताट असं परत जातं. नेवरी म्हणजे तर आपली करंजीच, त्यामुळे दोन घरांत कुणाची खुसखुशीत यावर चर्चाही रंगते. भेट हीच. वेगळं पार्सल लागत नाही.

कमी खर्चात जास्त ताटं भरायची असतील तर कलकल करावेत. अर्धा किलो मैदा, चार चमचे पिठीसाखर, दोन चमचे गरम तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ आणि नारळाच्या दाट रसात घट्ट मळलेला गोळा. अर्धा तास मुरू द्यायचा, मग सुपारीएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची की शंखासारखी नक्षी उमटते. मंद आचेवर तळायचे. हे एकट्याने करायचं काम नाही. चार जणी आणि दोन मुलं बसली तर गप्पांत संपतं. ताट लांब पाठवायचं असेल, समजा मुंबईच्या चाकरमान्यांकडे, तर नेवरीत ओलं खोबरं नको. ते दोन-तीन दिवसांत आंबतं. सुकं खोबरं, भाजलेला रवा आणि तीळ घातले तर पंधरवडा सहज टिकते.

खाण्यापलीकडे काही द्यायचं तर आंबोलीच्या थंडीला शोभेल अशी एक भेट आहे. कोकमाच्या बियांचं तेल, म्हणजे मुठेल. साबणाच्या वडीसारखे याचे गोळे कोकणातल्या बाजारात मिळतात आणि थंडीत टाचांच्या भेगांना लावायला घरोघर वापरले जातात. नुसतं मुठेल कडक असतं. ते किसून, तेवढंच खोबरेल घालून, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा आणि छोट्या डब्यांत ओता. थंड झालं की मऊ मलम तयार. खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजतं, त्यामुळे आंबोलीत हे मलम घट्ट राहतं, मालवणला तेच थोडं सैल होईल. तिथे मुठेल जरा जास्त घ्या. शहरात ‘कोकम बटर’ असं लेबल लावून हीच वस्तू चांगल्या किमतीला विकतात.

आणि थोडे पैसे हाताशी असतील तर ते कुठे जावेत? सावंतवाडीच्या चितारआळीत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगवलेली फळं, भातुकली, भोवरे तिथे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. मोठी टोपली नाही परवडली तरी एखादं छोटं लाकडी फळ दोऱ्याने फांदीला टांगता येतं आणि सण संपल्यावर मुलाच्या खेळण्यात जातं. प्लास्टिकचा चेंडू पुढच्या वर्षी टरफल सोडतो, पांगाऱ्याचा आंबा तसाच राहतो.

शुभेच्छापत्रासाठीही सावंतवाडीकडूनच उसनी कल्पना घ्यावी. तिथली गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात. मुलांना एवढी नक्षी जमणार नाही, पण खोक्याच्या पुठ्ठ्यातून वाटीच्या मापाने गोल कापायचा, पांढरा कागद डकवायचा, कडेने लाल पट्टी आणि मध्ये तारा, मासा किंवा होडी काढायची. मागे दोन ओळी स्वतःच्या अक्षरात. हे पत्र लिफाफ्यात बसत नाही, त्यामुळे हातोहात नेऊन द्यावं लागतं. ताट घेऊन जायचंच असतं, त्यावरच ठेवायचं.

२५ तारीख उलटली की लगेच सगळं उतरवायची घाई नको. परंपरेने सजावट ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत ठेवतात. मग नाचणीचं शेत गाईपुढे, पेंढा गोठ्यात, मातीच्या मेंढ्या पुन्हा भिजत घालायच्या. ताऱ्याचा कागद काढून सांगाडा मात्र माळ्यावर, धुराच्या जवळ ठेवा, म्हणजे भुंगा लागणार नाही. पुढच्या डिसेंबरला फक्त बावीस तुकडे कापायचे.